फवारणीच्या दिवसांतलं पुस्तक

पोळा उलटला की आमच्या दिग्रसच्या बाजाराचा वास बदलतो. आधी ओल्या पोत्यांचा, भज्यांचा, जिनिंगमधल्या जुन्या सरकीचा असतो. मग एके दिवशी सकाळी शटर वर करावं आणि तो नाकात शिरतो. कुजक्या लसणासारखा, वरून थोडा गोडसर. फवारणीच्या औषधाचा. कृषी केंद्राच्या पायरीवर तो असतो, एसटीत सीटखाली ठेवलेल्या डब्याला असतो, शेजारी बसलेल्या माणसाच्या सदऱ्याला असतो. यंदाही आला. मी शटर अर्ध्यावरच सोडलं, ओढणी नाकाला लावली आणि उगाचच मोबाइल उघडून पाहिला, कुणाचा फोन तर येऊन गेला नाही ना. कुणाचाच नव्हता.

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवायला नको. विजेला भिते, पोलिसाला भिते, अनोळखी नंबरला भिते, सरकारी पाकीट तर न उघडताच भिते. सलीम, म्हणजे आमचे मियाँ, म्हणतात, "रजिया, तेरा तो दूध उबलने से भी दम निकलता है." निकलता है तो निकलता है. काम थांबवत नाही ना मी? थरथरत करते, पण करते.

आमचं दुकान एकच आहे, मध्ये प्लायवूडची भिंत. पलीकडे सलीम फवारणीचे पंप दुरुस्त करतात. अलीकडे मी कॉम्प्युटरवर पत्रिका करते. लग्नाच्या, वास्तूच्या, तेरवीच्या, मराठीत, हिंदीत, उर्दूत. वरती कुणाचा गणपती, कुणाचा बिस्मिल्ला, कुणाचा बुद्ध, आणि सगळ्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत माझ्या दुकानाचं नाव. हा आमच्या धंद्याचा रिवाजच आहे. गिऱ्हाइकाला विचारायचंसुद्धा नाही, काम झालं की खाली नाव टाकायचं. शिवाय आजूबाजूच्या खेड्यांची पार्सलंही माझ्याकडेच उतरतात. कुरिअरवाला खेड्यात जात नाही, रस्ते तसे आहेत. तो गठ्ठा माझ्या टेबलावर टाकतो आणि लोक बाजाराच्या दिवशी येऊन आपापलं घेऊन जातात. पत्त्यातच लिहितात, 'रजियाआपाच्या दुकानी'.

तर त्या साली, असाच वास सुटलेला असताना, सुवर्णा माझ्याकडे आली. गावाचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही, आणि ही सगळी नावंही बदललेलीच आहेत. यवतमाळला कॉलेज करून घरी बसलेली पोरगी. बाप नामदेवभाऊ, गावातला बऱ्यापैकी शेतकरी, कापूस आणि तूर. बाजारातून जाताना मला "राम राम बाई" म्हणायचा, मी "राम राम भाऊ" म्हणायची, एवढीच ओळख. पोरगी खुर्चीच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आपा, तुमी पुस्तक काढून देता काय?"

"कसलं पुस्तक?"

"कादंबरी."

"कुणाची?"

"माहीच." आणि तिनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. ते वळून पाहणं मला अजून आठवतं. मी पण तसंच पाहते, म्हणून ओळखीचं वाटलं.

एका निवृत्त गुरुजींचे अभंग मी त्याआधी असेच काढून दिले होते. त्यात पुस्तकांचा ढीग छापायचा नसतो. मी पानं लावून, मुखपृष्ठ करून फाइल कंपनीच्या साइटवर चढवायची. कुणी मोबाइलवरून मागवलं की कंपनी तेव्हा एक प्रत छापते आणि कुरिअरनं धाडते. हॉटेलात भजी सांगितल्यावरच तळतात, तसं. कुणी नाहीच मागितलं तर पुस्तक कुठंच नाही. नागपूरच्या दोन प्रकाशकांनी सुवर्णाला उत्तरही दिलं नव्हतं. मी हे समजावून सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम सैल पडला. "म्हंजे घरी गठ्ठा येनार नाही?" मी म्हटलं, गठ्ठा काय, कागदाचा कपटाही येणार नाही. "मंग कराच आपा."

मजकूर तिनं व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवला. सगळा मोबाइलवर लिहिलेला. आदल्या साली कापसाला भाव नव्हता, तेव्हा सगळ्यांनी माल घरातच भरून ठेवला होता. तुम्ही त्या वर्षांत आमच्याकडे आला असाल तर पाहिलं असेल, माणसं पडवीत आणि कापूस घरात. खिडकीपर्यंत कापूस, देवघरापर्यंत कापूस. उदबत्ती बंद, दिवा बंद, विडी ओढायला म्हातारे रस्त्यापलीकडे. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटायची, लेकरं रडायची. सगळं घर एका ठिणगीच्या भीतीनं दबून चालायचं. सुवर्णा त्या भरलेल्या खोलीत जाऊन, ढिगावर पालथी पडून लिहायची. भर दुपारी तिथं काळोख असायचा, आणि कापसात आवाज मुरतो. "माय बाहेरून हाक मारे त मले आयकूच येत नव्हतं," ती म्हणाली. मी तिचे दंड पाहिले, खाजवून खाजवून लाल झालेले. म्हटलं, बाई गं, वेडी आहेस तू.

मग मी वाचत वाचत पानं लावू लागले, आणि एका पानावर येऊन थांबले.

सुवर्णाच्या घरच्या वावरात जंगूभाऊ नावाचा एक माणूस फवाऱ्याच्या कामाला होता. ती शाळेत होती तेव्हा, याच दिवसांत, फवारता फवारता तो कोसळला. यवतमाळच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं की जंगूनं दारूच्या भरात औषध पिलं. नामदेवभाऊंच्या घरून तसंच सांगितलं गेलं होतं, आणि तेच कागदावर आलं. त्याची बायको सोनाबाई त्यानंतर पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, जिच्या नवऱ्यानं औषध पिलं ती हीच. सुवर्णाच्या कादंबरीत नावं वेगळी होती, गाव वेगळं होतं, पण माणूस पीत नव्हता. तो उलट्या वाऱ्यात फवारत होता. मालकाची शाळकरी पोरगी डबा घेऊन वावरात जाते आणि पाहते, तो डोळे चोळतोय, पंप उतरवायला त्याला बोटं वळवता येत नाहीत. मालक त्या दिवशी बाजाराला गेलेला. घरच्यांनी घाबरून खोटं सांगितलं आणि परतलेल्या मालकानं ते चालू दिलं, असं लिहिलं होतं.

मी कॉम्प्युटर बंद केला. पलीकडे सलीम कुणाला तरी ओरडत होते, "पहले धो के ला! तीन पानी से धो के ला, फिर हाथ लगाऊँगा." त्या पंपांचा वास प्लायवूडच्या फटीतून माझ्याकडे येत होता.

दुसऱ्या बाजारी सुवर्णा आली तेव्हा मी रागावलेच. भीती वाटली की मला आधी राग येतो. म्हटलं, "तुला कळतं का, बापानं वाचलं तर?"

"घराबाहेर काढतीन."

"आणि पोलीस आले तर? बापाला घेऊन गेले तर?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सोनाकाकू आमच्याच घरी येते आपा, कापूस वेचाले. माह्या मायच्या हातचा चहा पिते. मी तिच्याकडं पाहूच शकत नाही. तुमीच सांगा मी काय करू?"

मला काय सांगता येणार होतं? मी म्हटलं, पानांची रुंदी किती ठेवू. मुखपृष्ठावर काय पाहिजे विचारलं, तर म्हणाली, काहीच नको, पांढरं. वरती गणपती वगैरे? नको. आणि खाली, शेवटच्या पानाच्या तळाशी, जिथं माझा हात आपोआप दुकानाचं नाव टाकायला जातो, तिथं मी हात आवरला. औषध विकणारा कृषी केंद्रवाला माझं कॅलेंडरचं गिऱ्हाईक होता. नामदेवभाऊ रोजच्या रस्त्यातला माणूस. माझ्या हातून बिननावाचं बाहेर गेलेलं ते पहिलं काम. सुवर्णानं फाइल पाहिली, तिच्या लक्षात आलं असणार, पण बोलली नाही.

बटण दाबलं त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींकडे पाहतच बसलो. बाहेर बाजार चालू होता. कुणी मिरच्या विकत होतं, कुणी पंपाची नळी मागत होतं. जगात काही बदललं नव्हतं.

ते दिवसच तसे होते म्हणा. बोंड बाहेरून हिरवंगार, टपोरं, आणि फोडावं तर आत गुलाबी अळी. त्यामुळे कुणाचा कशावर भरवसा नव्हता. रुग्णवाहिकेचा आवाज यवतमाळच्या रस्त्यानं गेला की बाजारातल्या बाया बोलता बोलता थांबायच्या. प्रत्येकीच्या मनात एकच, माझा माणूस सकाळी वावरात गेलाय, तो काय घालून गेलाय, तोंडाला काही बांधलं असेल का. आवाज दूर गेला की पुन्हा भाव करायला लागायच्या. अजूनही हे दिवस आले की तसंच होतं. आता हातमोजे मिळतात, चष्मे मिळतात, उकाड्यात ते कोण घालतं? बायांचं थांबणं काही बंद झालेलं नाही.

साइटवर विकलेल्या प्रतींचा आकडा दिसतो, नाव दिसत नाही. ही तर भीतीला मेजवानीच. मी रोज सकाळी शटर उघडायच्या आधी तो आकडा पाहायची. एक प्रत माझी, एक सुवर्णाच्या पुण्यातल्या मैत्रिणीची. मग एके दिवशी आकडा पुढे सरकला. कोण? सुवर्णाला फोन केला, तिलाही माहीत नव्हतं. कोण असेल? दोन दिवस मला घास गोड लागला नाही. सलीम म्हणाले, "अरे, किताब बिकी है, बम नहीं फटा." त्यांना हसायला काय जातंय.

त्याच आठवड्यात कुरिअरवाल्यानं गठ्ठा टाकला. त्यात एक चपटं, कडक पार्सल होतं. पुस्तक हाताला कळतं. मी नाव वाचलं. नामदेवभाऊंचं. खाली ठळक, 'रजियाआपाच्या दुकानी'.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार आला तो परत पाठवायचा. 'माणूस सापडला नाही' म्हणून सही केली असती की झालं. कुरिअरवाला खेड्यात जाऊन थोडाच बघणार होता! मी सुवर्णाला फोन लावला. तिकडून वेचणीच्या बायांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "देऊन द्या आपा."

"अगं, पण..."

"मागवलं न त्याईनं? ज्यानं मागवलं त्याचंच असते ते." मग एकदम बारीक आवाजात, "तुमी राहसान ना तिथं? त्याईले एकटं नका देऊ."

बाजाराच्या दिवसापर्यंत ते पार्सल माझ्या कपाटात लग्नाच्या कोऱ्या पत्रिकांखाली पडून होतं. कपाटाकडे पाठ करून बसायची सोय नव्हती आणि तोंड करून बसवत नव्हतं. सारखं डोळ्यासमोर यायचं, तो टेबल उलथवेल, तो पोरीला केसाला धरून रस्त्यावर आणेल, तो स्वतःच काही करून घेईल. शेवटचा विचार आला की मी उठून पाणी प्यायची. औषधाचा डबा तर आमच्याकडे घरोघरी असतो.

बाजाराच्या दिवशी सलीम सकाळीच आपलं स्टूल उचलून माझ्या बाजूला येऊन बसले, हातात मोठा पाना. चेष्टा नाही, मस्करी नाही. "क्या है," मी म्हटलं. "कुछ नहीं. उधर धूप आ रही है." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

नामदेवभाऊ दुपारी आला. थैली खाली ठेवली, धोतराला हात पुसले. "राम राम बाई. माह्यं काही आलं हाय म्हन्ते. पुतन्याले मोबाइलवर दिसलं, त्यानं मागवून देल्लं." मी पार्सल काढून दिलं. वाटलं, घेईल आणि जाईल. त्यानं कैची मागितली. बाकावर बसला, कडा नीट कापल्या, पुस्तक काढलं, मुखपृष्ठावर पोरीचं नाव पाहिलं. त्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग वाचायला लागला.

माणूस किती वेळ वाचतो हो? बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. एक लग्नघर पत्रिका पसंत करून गेलं. एक म्हातारा पंपाची वायसर मागायला आला, सलीमनी त्याला हातानंच थांबवलं. मी स्क्रीनवर नवरीचं नाव परत परत पुसून परत परत टाइप करत होते. मध्येच तो थांबला, काही पानं मागं गेला, पुन्हा पुढं आला. मग बोट तिथंच ठेवून पुस्तक मिटलं.

"बाई, हे तुमीच केलं?"

"मी... नुसतं टाइप केलं भाऊ."

"हे आता बदलते काय? का एकदा छापलं म्हंजे छापलं?"

मी म्हटलं, "बंद करायचं म्हणता?" आणि मनात म्हटलं, या अल्लाह, निभलं. एवढ्यावर निभलं.

"बंद नाही वो." त्यानं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. बोट जंगूच्या त्या दिवसावर होतं. "हे पाहा. मालक बजारात गेलता असं लिवलं पोरीनं. मी बजारात नव्हतो. मी धुऱ्यावर होतो."

धुरा म्हणजे आमच्याकडे वावराचा बांध. सलीमच्या हातातला पाना खाली गेला.

"त्यानं दोनदा म्हटलं मले. मालक, डोये चरचर करून राह्यले. वारा फिरला होता, मलेही दिसून राह्यलं होतं. मी म्हटलं, तेवढ्या ओयी काढून घे, मंग घरी जाय. आभाय आलं होतं ना. पानी आलं असतं त सारा फवारा धुऊन गेला असता." तो थांबला. "तो पडला तवा मीच भेलो बाई. मीच सांगतलं सगळ्याईले, औषध पेला म्हणून. घरच्यायनं नाही, मी. हे लिवा."

ज्याला मी इतके दिवस भीत होते, तो माझ्याहून जास्त भ्यालेला माणूस माझ्या बाकावर बसला होता. किती वर्षांपासून, कोण जाणे. मला रडू आलं, आणि रागही आला त्याचा. सोनाबाईच्या वाट्याला जे आलं ते याच्या एका वाक्यानं आलं होतं.

मी म्हटलं, "भाऊ, मजकूर तुमच्या पोरीचा आहे. तिला विचारल्याशिवाय मी एक अक्षर हलवायची नाही." हे मी म्हटलं, मी! सलीम माझ्याकडे बघतच राहिले.

"तिलेच सांगतो," नामदेवभाऊ म्हणाला. "पन पहिले कोनाजवळ तरी बोलून पाहा लागते ना. घरी एकदम जमलं नसतं." पुस्तक त्यानं थैलीत, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीवर आणि मिरच्यांवर ठेवलं, आणि गेला.

पुढच्या बाजाराला सुवर्णा आली. डोळे सुजलेले. न बसताच म्हणाली, "आपा, ते पान उघडा." मी फाइल उघडली. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले. मालक धुऱ्यावर आला. जंगूचे शब्द आले, वाऱ्याचं फिरणं आलं, मालकाचं खोटं त्याच्याच तोंडात आलं. मध्ये मी विचारलं, "तुला बापानंच सांगितलं का हे सगळं?"

"सांगतलं," ती म्हणाली. "पन मले माहीत होतं. डबा मी बाबाईसाठीच त नेला होता, धुऱ्यावर."

मी तिच्याकडे वळून पाहिलं. ती स्क्रीनकडेच पाहत होती. मग मी शेवटच्या पानावर गेले आणि तळाशी बारीक अक्षरांत टाकलं, अक्षरजुळणी रजिया, आणि दुकानाचं नाव. हात थरथरत होता, पण चूक झाली नाही.

सोनाबाईला वाचता येत नाही. ते पान सुवर्णानं तिला तिच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. नामदेवभाऊ अंगणातच उभा होता, आत ये म्हणायची कुणाची छाती झाली नाही. ऐकून झाल्यावर सोनाबाई म्हणाली, "मले त माहीतच होतं. तुमाले कवा माहीत पडते, तेच पाहून राह्यलती मी." बस्स. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याकडे वेचायला आली नाही. आजतागायत नाही. गावात बोलणी झाली, कुणी येणं-जाणं ठेवलं, कुणी तोडलं, नामदेवभाऊला ठाण्यातही एकदा बोलावून घेतलं आणि चहा पाजून, कागद जुना झाला म्हणून परत धाडलं. कॅलेंडरचं काम माझ्या हातून गेलं. पोरीला कुणी घराबाहेर काढलं नाही. ती आता दुसरी कादंबरी लिहिते आहे, कशावर ते मी विचारत नाही. मला झोप पाहिजे.

यंदा वास सुटला त्याच आठवड्यात नामदेवभाऊ दुकानात आला. फार वाळलाय. नव्या पानाची एक प्रत मी त्याच्यासाठी कधीची मागवून ठेवली होती, ती पुढे केली. म्हटलं, "भाऊ, तुमच्याजवळची जुनी आहे. ही घ्या, बरोबर केलेली."

त्यानं ती हातात घेतली, ते पान काढलं, बोट ठेवून वाचलं, मान हलवली. मग पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "पन मले जुनीच राहू द्या."

"का हो? त्यात तर तुम्ही बाजारातच आहात अजून."

"म्हणूनच," नामदेवभाऊ म्हणाला. "पोरीले सारं माहीत होतं बाई. तरी तिनं मले बजारात धाडलं."

त्यानं थैली उचलली, राम राम केलं आणि उन्हात उतरला. पलीकडे सलीम कुणाला तरी ओरडत होते, पहले धो के ला.